माळ्यावरचे लाकूड

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणा विदुषीबाईंचे व्याख्यान ठेवायचे, हा आपल्या मंडळाचा शिरस्ता. यंदा चिटणीसबाईंनी हे काम माझ्यावर सोपवले, तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी काय बोलणार? माझ्या घरात जुन्या लाकडाखेरीज आहे काय?" त्या म्हणाल्या, "मग त्यावरच बोला. तुमच्या पडवीत एवढे लाकूड कशाला भरले आहे, ते साऱ्या गावाला एकदा कळू दे." तेव्हा मी आज व्याख्यान द्यायला उभी नाही, कबुलीजबाब द्यायला उभी आहे असेच समजा.

माझ्या पडवीत आजमितीस त्रेसष्ट लाकडी वस्तू आहेत. काथवटी आहेत, मुसळे आहेत, ताकाच्या रव्या, शेवयांचे पाट, पितळी चकत्यांचे लाकडी सोऱ्ये, साखरेच्या गाठी पाडण्याचे साचे, भात मोजण्याची पायली आणि मापटी आहेत. एक पाळणा आहे, त्याचे एक मोर गळून पडलेले आहे. यांतली एकही वस्तू यंत्रावर झालेली नाही. कोणा सुताराने वाकसाने आणि पटाशीने ती कोरून काढली आणि कोणा बाईने ती वीस-तीस वर्षे हाताळली. हा नाद मला लागला तो हौसेने नव्हे. तो एका चुकीतून लागला, आणि ती चूक आधी सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही.

आमचे कौलारू घर २००४ साली उतरवले. त्या वर्षी सासूबाई नणंदेकडे कल्याणला राहायला गेल्या होत्या. बांधकाम चालू, गवंडी-बिगारी यांची वर्दळ, आणि आम्ही अंगणात तीन दगडांची चूल मांडून दिवस काढत होतो. माळ्यावरून खाली काढलेल्या सामानात सासूबाईंची काथवट होती. माहेरून त्यांनी ती आणली होती. शिवणीच्या एकाच ओंडक्यातून कोरलेली, दोन बाजूंना दोन कान. एक कान तडकला होता, त्याला पत्र्याची पट्टी मारलेली. भाकरीचे पीठ मळून मळून मधला भाग एका अंगाला खोल गेला होता. माझ्या घरी तेव्हा स्टीलची परात होती. मला वाटले, हे जड धूड नव्या घरात ठेवायचे कुठे? मी कोयत्याने तिचे तुकडे केले. दोन दिवसांच्या आंघोळीचे पाणी तापले.

पुढे सासूबाई नव्या घरात राहायला आल्या. भोगीचा दिवस होता. तीळ लावून भाकरी करायच्या म्हणून त्यांनी पीठ काढले आणि मला विचारले, "माझी काथवट कुठे गं?" माझ्या तोंडून निघून गेले, "माळ्यावर आहे, आई." भगिनींनो, स्लॅबच्या घराला माळा कुठला? त्यांनी एकदा वर पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता परातीत पीठ मळायला घेतले. त्यानंतर दोन वर्षांनी त्या गेल्या. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. काढला असता, मला दोन शब्द बोलल्या असत्या, तर मी आज मोकळी असते.

आता मी तुम्हांला जरा दूर नेणार आहे, कारण हे दुखणे मला नीट समजले ते परमुलखात. माझी भाची अमेरिकेत बोस्टनजवळ असते. तिच्या बाळंतपणासाठी मी गेले होते. परत येण्याआधी तिच्या यजमानांनी आम्हांला व्हरमाँट संस्थानात शेलबर्न म्हणून गाव आहे, तिथले संग्रहालय दाखवायला नेले. मला वाटले, राजेरजवाड्यांची शस्त्रे नि दागिने असतील. पाहते तो फळ्यांवर ओळीने लाकडी बदके मांडलेली! शेकडो बदके. कोणी मान वळवलेले, कोणी झोपलेले, कोणी चोचीने पंख साफ करणारे.

मी विचारले, ही मुलांची खेळणी का? तेव्हा कळले की ही शिकाऱ्यांची बदके. हलक्या लाकडाचे बदक कोरायचे, रंगवायचे, पोटाखाली शिशाचे वजन ठोकायचे म्हणजे ते पाण्यावर सरळ तरंगते. मग दोरी नि नांगर बांधून अशी दहा-वीस बदके खाडीत सोडायची आणि आपण लव्हाळ्यांत दबून बसायचे. आकाशातून जाणाऱ्या थव्याला वाटते, खाली आपलीच मंडळी निवांत चरत आहेत. थवा खाली उतरला की बंदुकीचा बार. आपल्याकडे फासेपारधी पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवून रानातल्या तितरांना बोलावीत, त्यातलाच हा प्रकार. तिकडच्या आदिवासींनी तर हे फार पूर्वी ओळखले होते. नेवाडा संस्थानातल्या लव्हलॉक नावाच्या गुहेत १९२४ साली लव्हाळ्याची विणलेली बदके सापडली, ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत.

शहरांतल्या हॉटेलांना बदके पुरवण्यासाठी तिकडे इतकी शिकार झाली की पक्षी नाहीसे होऊ लागले. १९१८ साली सरकारने कायदा करून ही विक्रीसाठीची शिकार थांबवली. आपल्याकडे वन्यजीवांच्या रक्षणाचा कायदा १९७२ साली झाला. पुढे प्लॅस्टिकची बदके आली आणि लाकडी बदकांचे कामच संपले. ती खोपटांत पडली, शेकोटीतही गेली असतील. पण काही माणसांना वाटले की ज्या हातांनी हे कोरले त्यांची आठवण राहिली पाहिजे. जोएल बार्बर नावाच्या न्यूयॉर्कच्या एका वास्तुशिल्पज्ञाने ती गावोगाव हिंडून जमवली, कोणते कोणी केले याची चौकशी केली आणि १९३४ साली त्यांवर पुस्तक लिहिले. मी पाहिली त्यांत त्याचीही बदके होती. मॅसॅच्युसेट्समधल्या एल्मर क्रोवेल या कारागिराची दोन बदके (एक बदक आणि एक हंस म्हणा) २००७ साली प्रत्येकी अकरा लाख तीस हजार डॉलरला विकली गेली.

पैशाचा आकडा ऐकून तुम्ही कुजबुज केलीत, तशी मीही केली. पण मला लागली ती दुसरीच गोष्ट. बदकांखाली कारागिराचे नाव आणि गाव लिहिलेले होते. म्हणजे पक्ष्याला फसवण्यासाठी केलेल्या लाकडाच्या ठोकळ्याचे नाव-गाव या लोकांनी जपले. आणि ज्या काथवटीवर आमच्या घरातली चार मुले वाढली, ती कोणत्या सुताराने केली हे मी सासूबाईंना कधी विचारलेही नाही. भाचीला मी काही बोलले नाही, पण त्या रात्री मला झोप आली नाही.

घरी परतल्यावर मला कोणी तरी सांगितले की, यासाठी अमेरिकेला जायचे कारण नव्हते, पुण्यापर्यंत गेला असतात तरी पुरे होते. ते अगदी खरे. पुण्याला बाजीराव रस्त्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर हे कवी. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. घरचे चष्म्याचे दुकान होते. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचे वेड लागले आणि पुढची साठ-सत्तर वर्षे ते सुटले नाही. त्यांनी काय जमवले? अडकित्ते, समया, दौती, फण्या, पाय घासायच्या वजऱ्या, कुंकवाचे करंडे, शेवयांचे पाट, वाड्यांचे कोरीव दरवाजे! आपल्या स्वयंपाकघरातल्या नि देवघरातल्या वस्तूच त्यांनी लाखमोलाच्या मानल्या. पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ होती. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच वारला. त्याचेच नाव त्यांनी संग्रहाला दिले. वीस हजारांच्या वर वस्तूंचा हा संग्रह १९७५ साली त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. १९९० साली ते वारले.

ते संग्रहालय पाहून मी बाहेर पायरीवर बसले. आपल्या मुलाचे नाव वस्तूंना देणारा बाप मला फार जवळचा वाटला. वाटले, आपले दुःख कुठे तरी ठेवायला त्याला जागा सापडली. आपणही वडप्यात दहा-वीस वस्तू तरी वाचवू.

आणि वाचवायला वेळ फार थोडा होता. तुम्ही सगळ्याजणी जाणताच, नाशिक रस्त्याच्या कडेने आपल्या डोळ्यांदेखत भातशेते गेली आणि गोदामे उभी राहिली. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा २०२५ साली खुला झाला, तो आपल्या शेजारी आमण्यालाच येऊन मिळतो. मी गोदामांच्या नावाने बोटे मोडणार नाही. आपली मुले तिथे नोकरीला आहेत. परंतु शेत गेले की मळणी गेली, मळणी गेली की उखळ-मुसळ गेले. १९५६ च्या कायद्याने किलो आणि लिटर आले, तेव्हा पायली नि शेर मागे पडले. गिरणी आली तेव्हा जाते कोपऱ्यात गेले. वस्तू एकदम मरत नाही. आधी तिचे काम जाते, मग जागा जाते आणि शेवटी तिचे नाव जाते. आजच्या नातीला 'चिपटे' म्हणजे काय हे ठाऊक नाही. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. हा हिशेब आपल्या आयांना तोंडपाठ होता.

तर मी जमवायला लागले, आणि जमवताना दुसरी चूक केली. आपल्याच खालच्या आळीतल्या एका आजींकडे जुनी काथवट होती. त्यांनी ती मला आनंदाने दिली. मला वाटले, हिची आता चांगली सेवा करू. मी सुताराला बोलावून तिला रंधा मारवला, काचकागदाने घासून घेतली, वर व्हार्निशचे दोन हात दिले. आरशासारखी झळकू लागली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आजी आल्या तेव्हा मी कौतुकाने ती पुढे केली. त्यांनी ती मांडीवर घेतली, आतून हात फिरवला, उलटी केली, पुन्हा हात फिरवला आणि म्हणाल्या, "ही माजी नाय गो बाय."

मी म्हटले, "आजी, तुमचीच ती." त्या म्हणाल्या, "माजीला आत डाग व्हता. माजा थोरला रांगता व्हता तवा त्यानं चुलीतला निखारा उचलून टाकलेला तिच्यात. त्याचा हात वाचला, काथवट जलली." त्यांचा तो थोरला मुलगा ऐन पंचविशीत वारला, हे आपणा सर्वांना माहीत आहे. त्याच्या बालपणाची तेवढी एकच खूण त्यांच्याजवळ उरली होती. मी ती काचकागदाने घासून टाकली होती, आणि तीही सुताराला मजुरी देऊन!

बदकांचा नाद करणारे लोक नव्याने रंगवलेले बदक नापसंत करतात. उडालेला, टवके गेलेला का होईना, मूळ रंगच हवा असे त्यांचे म्हणणे असते. तिकडे असताना मला तो श्रीमंतांचा चोखंदळपणा वाटला होता. आजींनी काथवट खाली ठेवली तेव्हा त्याचा अर्थ कळला. वस्तूवर जे झिजलेले, जळलेले, सांधलेले असते तेच तिच्या मालकिणीचे अक्षर असते. आपण ते पुसले की खाली नुसते लाकूड राहते. आणि लाकूड काय, वखारीतही मिळते.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. वस्तू घरात आणण्याआधी वही उघडायची. साधी शाळेची दोनशे पानी वही आहे. वस्तूचे आमच्याकडचे नाव काय, लाकूड कोणते, कोणी केली, त्या सुताराचे गाव कोणते, पैसे दिले की बलुत्याचे भात, कोणी वापरली, माहेरची की सासरची, कशाने तुटली, कोणी सांधली, आणि शेवटची कधी वापरली. हे सारे बाईच्या तोंडून जसे येईल तसे, तिच्याच भाषेत लिहायचे. कित्येकदा वस्तूपेक्षा मजकूर मोठा होतो. एका रवीवर माझी सहा पाने झाली आहेत, कारण ती सांगणाऱ्या बाईंनी त्या रवीबरोबर आपल्या तीन जावांचा सारा संसार सांगितला!

मध्यंतरी एक व्यापारी गाडी घेऊन आपल्या भागात येत असे. जुने दरवाजे, खांब, पाटे, मुसळे घेई आणि मोठ्या हॉटेलांना शोभेसाठी विकी. पाच-सहा घरांतून त्याने बरेच नेले. मी एका बाईंना रागावले, "अहो, आजेसासूबाईंचे मुसळ तुम्ही दोनशे रुपयांना दिलेत?" त्या माझ्यावर उसळल्या. म्हणाल्या, "त्याने दोनशे तरी दिले. तुम्ही तर फुकट नेता आणि स्वतःच्या पडवीत मांडता. तुमच्यात नि त्याच्यात फरक काय?"

भगिनींनो, हा प्रश्न मला आठ दिवस पुरला. त्यांचे म्हणणे वावगे नव्हते. गरज असलेल्या बाईने वस्तू विकली तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. म्हणून मी वहीत आणखी एक रकाना वाढवला: 'वस्तू कोणाची.' माझ्याकडे असलेली वस्तू ज्या घराची त्या घराचीच राहील. मी नुसती सांभाळणारी. जेव्हा मागाल तेव्हा, काही न विचारता, परत. आजवर सात वस्तू अशा परत गेल्या आहेत आणि त्याचे मला वाईट वाटलेले नाही. एक पाळणा तर नातवाच्या बारशाला गेला तो आलाच नाही. यायला नकोच होता.

आणि मुसळांचे तर तुम्हांला ठाऊकच आहे. लग्नात घाणा भरायला जोडीने मुसळे लागतात. आता कोणाच्या घरात मुसळ आहे? मार्गशीर्ष लागला की माझ्या दारात मुली येतात, "काकू, मुसळे द्या." खैराची दोन भारी मुसळे आहेत, खाली लोखंडी वसवी असलेली. त्यांना आंब्याची पाने बांधतात, हळद लावतात, सुवासिनी हात लावतात आणि गाणी म्हणतात. परत येताना मुसळ हळदीने पिवळे होऊन येते. मी ती हळद पुसत नाही. कोणाच्या लग्नाला गेले ते वहीत तारखेसह मांडून ठेवते. संग्रहालयात काचेआड ठेवलेल्या वस्तूला हे भाग्य नाही.

आता चार कामाच्या गोष्टी सांगते, म्हणजे ज्यांच्या घरी अजून एखादी वस्तू आहे त्यांना उपयोग होईल. लाकडी वस्तू जमिनीला टेकवून ठेवू नका. खाली दोन विटा किंवा पाट द्या, म्हणजे वाळवी चटकन लागत नाही. पाण्यात भिजत घालू नका आणि कडक उन्हात टाकू नका. दोन्हींनी लाकूड तडकते. ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. खाली बारीक पिठासारखा भुसा पडलेला दिसला की किडा पोखरतो आहे असे समजा आणि ती वस्तू लगेच बाकीच्यांपासून दूर ठेवा. शोभेच्या वस्तूला पावसाळ्याआधी कडुलिंबाच्या तेलाचा हात द्या. पण जिच्यात अन्न करायचे असेल तिला खायचे तेलच लावा. आणि रंधा, काचकागद, व्हार्निश यांपैकी काहीही लावू नका. तो अनुभव मी तुमच्या सगळ्यांच्या वतीने घेतला आहे.

शेवटी मंडळाकडे एक मागणे आहे. माझे वय झाले. माझ्यामागे मुले या लाकडाचे काय करतील, कोणास ठाऊक; मी स्वतः काय केले ते तुम्ही ऐकलेच. मंडळाच्या खोलीत एक भिंत रिकामी आहे. तिथे दोन फळ्या आणि एक वही ठेवावी. वस्तू नाही दिल्या तरी चालेल, पण प्रत्येकीने आपल्या सासूची किंवा आईची एक वस्तू त्या वहीत लिहावी. हे काम उद्यावर टाकण्यासारखे नाही. ज्यांना सुतारांची नावे आठवतात अशा म्हाताऱ्या आपल्या गावात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. त्यांच्याकडे आधी जा.

माझ्या वहीचे पहिले पान मी पुष्कळ दिवस कोरे ठेवले होते. गेल्या दिवाळीत ते लिहिले. तेवढे वाचून दाखवते. 'काथवट. शिवणीचे लाकूड, दोन कान, डाव्या कानाला पत्र्याची पट्टी. मालकीण: माझ्या सासूबाई. माहेरून आणलेली. सुताराचे नाव: विचारले नाही. मधोमध एका अंगाला खोल. २००४ साली सुनेने फोडून जाळली. माळ्यावर नाही.'